वर्षभराचे बारा नेम : सहा टिकले, दोन अर्धे राहिले, चार मोडले



मागच्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधी कराडमध्ये माझी एक छोटी कार्यशाळा होती. विषय ‘उधारी आणि खेळतं भांडवल’. तीसेक जण आले होते. दोन किराणावाले, एक मोबाइल रिपेअरिंगवाला, पार्लर चालवणाऱ्या दोघी जावा, आणि मसूरहून आलेल्या एक ताई. त्या घरी मसाले करून विकतात. मी फळ्यावर नेहमीचं गणित मांडलं. लाखाची उधारी वर्षभर अडकली तर व्याजाचे किती जातात, माल किती कमी भरता येतो, वगैरे. लोक लिहून घेत होते. शेवटी ताईंनी हात वर केला आणि विचारलं, “सर, तुमच्या दुकानाची उधारी किती आहे हो?”

त्यांच्या मनात खोच नव्हती. नॉर्मल म्हणजे किती, एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं. मी म्हणालो, “असेल तीनेक लाख.”

‘असेल’. अर्धा तास मी त्यांना सांगत होतो की धंद्यात ‘असेल’ हा शब्द चालत नाही, आकडा पाहिजे. आणि स्वतःवर वेळ आल्यावर तोंडातून तोच शब्द निघाला. त्या रात्री जेवण गेलं नाही.

माझं दुकान हार्डवेअर, प्लंबिंग आणि रंगाचं. वडिलांनी सुरू केलं, मी बीबीए करून त्यात आलो, सोबत ट्रेनिंग चालू केलं. आमच्या लाइनमध्ये उधारी टळत नाही. मिस्त्री सकाळी माल उचलतो, त्याला मालकाकडून पैसे मिळतात ते काम झाल्यावर, आणि मालक देतो त्याचं लोन पास झाल्यावर. हे मला पाठ होतं आणि तेच कारण मी स्वतःलाही देत होतो. दिवाळी पाडव्याला, म्हणजे 14 नोव्हेंबर 2023 ला, वहीपूजन झाल्यावर मी, बायको आणि कामावरचा मुलगा असे तिघे बसलो आणि जुन्या तिन्ही वह्या, चिठ्ठ्या, मोबाइलमधले फोटो सगळं एकत्र केलं. रात्रीचे साडेअकरा वाजले. आकडा निघाला 6,38,400. खाती 71.

बायको काही बोलली नाही. तिची पाटली दोन महिन्यांपासून बँकेत गहाण होती. रंगाच्या कंपनीचं पेमेंट थकलं म्हणून मीच ठेवली होती. तिने फक्त मोबाइलवर हिशोब केला. माझ्या सीसी खात्याला तेव्हा साधारण 12 टक्के व्याज होतं. वर्षाचे 76,608, महिन्याचे 6,384. “म्हणजे पोरीच्या शाळेची फी आपण मिस्त्र्यांना देतोय,” एवढंच म्हणाली.

त्या रात्री ठरवलं, पाडवा ते पाडवा वर्षभर दर महिन्याला एक नवा नेम. एका वेळी एकच. दर महिन्याच्या 15 तारखेला नवा चालू. टिकला तर पुढे न्यायचा, नाही टिकला तर तसं लिहून ठेवायचं. आता पाडवा होऊन गेलाय, 31 डिसेंबर तोंडावर आलाय आणि तुमच्यापैकी अनेकांच्या मनात याद्या तयार होत असतील. म्हणून माझा हिशोब तुमच्यापुढे ठेवतो. मोडलेल्या नेमांसकट.

21 दिवसांची गोष्ट

आधी एक गैरसमज काढू, कारण मीही तो व्हिडिओमध्ये पसरवलाय. ‘कोणतीही गोष्ट 21 दिवस करा, सवय लागते.’ हे आलं कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचा अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता. त्याचं 1960 साली एक पुस्तक आलं. त्यात त्याने लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण किमान 21 दिवस लागतात. लोकांनी त्यातला ‘किमान’ टाकून दिला, चेहराही टाकून दिला, उरले 21 दिवस.

यावर नीट अभ्यास झाला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 लोकांना खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक नवी गोष्ट रोज ठरलेल्या वेळी करायला सांगितली आणि 12 आठवडे नोंद ठेवली. 2010 साली तो छापून आला. ती गोष्ट आपोआप व्हायला सरासरी 66 दिवस लागतात असं निघालं. पण माणसामाणसात फरक केवढा? कुणाला 18 दिवस, कुणाला अंदाजे 254. आणि आपल्या कामाची गोष्ट ही की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. तेव्हा आठव्या दिवशी चुकलात म्हणून सगळं सोडून देऊ नका.

वर्षभराचे नेम ही कल्पना काही माझी नाही. बेंजामिन फ्रँकलिन, मूळचा छापखानेवाला, म्हणजे आपल्यासारखाच धंदेवाईक माणूस, त्याने 13 गुणांची यादी केली होती. आठवड्याला एक गुण. 13 आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. छोट्या वहीत रकाने आखायचा आणि चुकलं की काळा ठिपका द्यायचा. त्याला सगळ्यात जास्त त्रास कुठल्या गुणाने दिला माहितीय? व्यवस्थितपणाने. वस्तू जागच्या जागी ठेवणं त्याला शेवटपर्यंत नीट जमलं नाही, असं त्यानेच आत्मचरित्रात लिहिलंय. माझ्या दुकानातला एल्बो आणि टीचा रॅक बघितला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? आपली आजी चातुर्मासात काय करायची? आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी एक नेम. कांदा-लसूण नाही, किंवा वांगं नाही, किंवा एक वेळ जेवण. नेम एकच असायचा, सुरुवात आणि शेवट ठरलेला असायचा, घरातल्या सगळ्यांना माहीत असायचा. कुणी चुकून ताटात वांगं वाढलं तर शेजारचीच आठवण करून द्यायची. मी ‘चॅलेंज’ हा शब्द सोडून ‘नेम’ धरला तो म्हणूनच.

रोजमेळ आणि तीन फोन

पहिल्या महिन्याचा नेम अगदी साधा होता. रात्री शटर ओढायच्या आधी रोजमेळ. गल्ल्यातली रोकड मोजायची, यूपीआयची बेरीज घ्यायची, दिवसभरात दिलेली उधारी आणि आलेली वसुली लिहायची. चार ओळी. पहिले सहा-सात दिवस घरी जाऊन लिहायचो. घरी गेलं की पोरगी पाठीवर, जेवण, टीव्ही. तीन दिवस राहूनच गेलं. मग वही गल्ल्यातच ठेवली, आणि दुकानाची चावी त्या वहीवर. चावी घ्यायची तर वही उचलावी लागते. उचललीच आहे तर लिहून टाकू. एवढ्यानेच झालं. आज वर्ष झालं, सात-आठ दिवस सोडले तर खंड नाही.

हे नीट बघा. माझी इच्छाशक्ती काही वाढली नव्हती. शटर ओढणं मला चुकवता येत नाही, म्हणून मी वहीला शटरच्या पाठीवर बसवलं. तुमच्या धंद्यातही असं एक काम असेलच, जे मेलं तरी रोज होतंच. दूध तापवणं, मशीन चालू करणं, देवाला उदबत्ती लावणं. नवी गोष्ट त्याला चिकटवा.

दुसरा महिना खरा होता. 71 खाती होती. रोज तीन फोन करायचे.

पहिला आठवडा पूर्ण फसला. मी फोन करायचो रात्री साडेनऊला. लोक जेवत असतात, काही जण ‘बसलेले’ असतात, आणि मी स्वतः दिवसभर उभा राहून वैतागलेला. “किती दिवस झाले, बघा ना जरा काहीतरी” असला माझा सूर. मिस्त्री म्हणायचे, “बघतो शेठ.” तेही वैतागायचे, मीही वैतागायचो. चौथ्या दिवशी एकाने फोन कट केला आणि दुसऱ्या दिवशी तो समोरच्या दुकानातून पाइप नेताना दिसला.

मग दोन गोष्टी बदलल्या. वेळ सकाळी अकराची केली. आमच्याकडे नऊ ते साडेदहा मिस्त्र्यांची झुंबड असते, अकराला दुकान शांत होतं आणि चहा येतो. चहाचा कप आला की फोन हातात. आणि वाक्य बदललं. पैसे मागायचेच नाहीत. पहिल्या फोनवर एवढंच, “तुमच्या खात्यावर 14,250 रुपये दिसतात. तुमच्याकडे पण एवढेच आहेत का, तेवढं बघून सांगा.”

विश्वास ठेवा, अर्ध्या लोकांनी त्या फोनवरच तारीख दिली. मी मागितलेली नसताना. बाकीच्यांपैकी काही म्हणाले, “नाही शेठ, मी दोन बंडल वायर परत केली होती, ती धरा.” आणि तपासलं तर ते बरोबर! 71 पैकी 9 खात्यांत चूक माझी होती. परत आलेला माल जमा केलेलाच नव्हता. एकाच्या नावावर तर दुसऱ्याच्या रंगाचे डबे टाकलेले. तो माणूस वर्षभर माझ्याकडे फिरकला नव्हता. मी त्याला बुडवा समजत होतो, आणि तो मला चोर समजत असणार.

आता या महिन्यातली ती गोष्ट, जी मी अजून कुठल्या व्हिडिओत सांगितलेली नाही.

यादीत एक जुने मिस्त्री होते. वडिलांच्या वेळचे. 22,600 थकलेले, आठ महिने तोंड दाखवलं नव्हतं. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे लाल पेनने फुली होती. त्यांना फोन लावला तर मुलीने उचलला. बाबा परातीवरून पडले, कमरेचं ऑपरेशन झालं, पाच महिने अंथरुणाला आहेत. मी काहीतरी बोलून फोन ठेवला. घरी येऊन वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, “मला माहितीय. मी दोनदा जाऊन आलो.”

“मग मला सांगितलं का नाही, दादा?”

“तू कधी विचारलंस? तू तर वहीवर फुली मारून मोकळा झालास.”

आमच्यात उधारीवरून जुना वाद आहे. दादांचं म्हणणं, उधारी म्हणजे माणूस जोडलेला असतो. माझं म्हणणं, उधारी म्हणजे भांडवल अडकलेलं असतं. मी बीबीएत शिकलोय, त्यांनी दुकानात 35 वर्षं काढलीत. त्या रात्री मला कळलं की त्यांच्या पद्धतीत निदान माणसाकडे जाणं तरी होतं. माझ्या पद्धतीत वसुलीही नव्हती आणि माणूसही नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्र्यांकडे गेलो. पैशाचा विषय त्यांनीच काढला. ठरलं असं की बरे होऊन कामाला लागले की महिन्याला हजार. सप्टेंबरपासून ते देतायत. फुली मी खोडली.

तीन फोनांचा नेम अजून चालू आहे. महिना संपला तेव्हा संक्रांत होती. ज्यांनी पैसे दिले होते आणि ज्यांनी दिले नव्हते, दोघांनाही तिळगूळ दिला. दादा खूष.

एक कामाची माहिती इथेच देऊन टाकतो, कारण फोन करताना मला तिचा उपयोग झाला. आपल्याकडे मुदतीचा कायदा आहे, 1963 चा. विकलेल्या मालाच्या पैशासाठी कोर्टात जायचं असेल तर साधारण तीन वर्षांची मुदत असते. पण ती संपायच्या आत समोरच्याने ‘एवढं देणं आहे’ असं लिहून सही करून दिलं तर तिथून मुदत नव्याने मोजतात. कोर्टात जायची वेळ येऊ नयेच. तरी वर्षातून एकदा प्रत्येक मोठ्या खात्यावर बाकी लिहून सही घ्यायला काय हरकत आहे? मी पाडव्याला पेढा देतो आणि सही घेतो. कुणाला वाईट वाटत नाही. पेढ्याचा फायदा.

मोडलेले नेम

तिसरा नेम, पहाटे पाचला उठणे. हा मी का घेतला ते मलाच माहीत नाही. सगळे सांगतात म्हणून घेतला. जानेवारीची थंडी, रात्री दुकान बंद करून जेवून झोपायला साडेअकरा. अकरा दिवस उठलो. पाच वाजता उठून काय केलं? सोफ्यावर बसून मोबाइल बघितला. दुपारी तीनला काउंटरवर डुलक्या. एका गिऱ्हाइकाला अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंचाचे बॉल व्हॉल्व्ह दिले, डझनभर. बाराव्या दिवशी बायको म्हणाली, “अहो, झोपा आता.” झोपलो.

मोडला तो मोडला. पण वहीत लिहिलं, का मोडला. उठणं हे काम नाही. उठून काय करायचं ते काम आहे, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

बिनसाखरेचा चहा मे महिन्यात. आमच्याकडे प्रत्येक सेल्समन, प्रत्येक ठेकेदार आला की चहा मागवावा लागतो, आणि टपरीवाला साखर घालूनच आणतो. दहा कपांना दहा वेळा नाही कोण म्हणणार? आठवड्यात सोडला. रोज एक छोटा व्हिडिओ टाकणे, हा सप्टेंबरचा. नऊ टाकले. त्यातल्या शेवटच्या चारांत मी काय बोललोय ते मलाही आठवत नाही. तुम्हीही बघू नका. रोज दहा पानं वाचणे हा शेवटचा, 15 ऑक्टोबरला चालू केला. रंगाचं दुकान, दिवाळीचा सीझन, टिंटिंग मशीनला क्षणभर उसंत नाही, आणि हा माणूस पुस्तक वाचणार! चौथ्या दिवशी संपलं.

हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण याबद्दल कुठे फारसं कुणी सांगत नाही. नवा नेम कधी चालू करायचा हे कॅलेंडर बघून नाही, धंद्याचा सीझन बघून ठरवा. लोक 1 जानेवारी धरतात. तुमचा धंदा लग्नाच्या कपड्यांचा असेल तर लग्नसराईत तुम्ही काय नवीन लावणार? माझी मंदी जून-जुलैची. पावसात बांधकामं थंडावतात. साडेआठला शटर ओढायचं, हा नेम मी जूनमध्ये धरला. आधी दहा वाजायचे. पावसात तसंही संध्याकाळी सातनंतर कुणी येत नव्हतं. दोन महिन्यांत सगळ्या मिस्त्र्यांना कळलं की हे दुकान साडेआठला बंद होतं, आणि ते सातला यायला लागले. दिवाळीच्या आधी तीन आठवडे सोडले तर आजही साडेआठ. पोरगी आता माझ्याशिवाय जेवत नाही. हाच नेम ऑक्टोबरमध्ये धरला असता तर दोन दिवस टिकला नसता.

अर्ध्या राहिलेल्यांत एक आहे काउंटरवर मोबाइल न बघणे. यूपीआयचा आवाज मोबाइलवर, कंपनीच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर, तो लांब ठेवणार कसा? शेवटी एवढंच जमलं की गिऱ्हाईक समोर असताना मोबाइल उपडा ठेवायचा. दुसरा चालण्याचा. ऑगस्टमध्ये ठरवलं, सकाळी प्रीतिसंगमावर चालायचं. ऑगस्टमध्ये! कृष्णा-कोयना भरून वाहतात, पाऊस थांबत नाही. सहा दिवस गेलो. मग गाडीऐवजी पोरीला शाळेत चालत सोडायला लागलो, जाऊन-येऊन अडीच किलोमीटर. पाऊस असेल त्या दिवशी गाडी. संगमावर आता रविवारी जातो, समाधीपाशी दोन चकरा आणि घरी.

पैशाचे तीन नेम

यावर मी थोडक्यात सांगतो, सविस्तर व्हिडिओ करणार आहे.

फेब्रुवारीत मी स्वतःला पगार चालू केला. महिना 25,000, एक तारखेला, दुकानाच्या खात्यातून घरच्या खात्यात. त्याच्या बाहेर गल्ल्याला हात नाही. ऐकायला सोपं आहे. पण पहिल्या महिन्यातच 19 तारखेला पैसे संपले आणि पेट्रोलसाठी मी बायकोकडे 500 मागितले. तेव्हा कळलं, आधी मी गल्ल्यातून किती उचलत होतो ते मला माहीतच नव्हतं. रोज शंभर-दोनशे, ‘आपलंच दुकान आहे’ म्हणत.

मार्चमध्ये खरेदीची बिलं. आलेलं बिल त्याच दिवशी नोंदवायचं. मी जीएसटीचा 3बी महिन्याच्या 20 तारखेला भरतो. आधी 18 तारखेला बिलं शोधायला बसायचो. उशीर झाला की दिवसाला 50 रुपये लेट फी, आणि कर भरायचा राहिला असेल तर 18 टक्क्यांनी व्याज वेगळं. 14 तारखेला पोर्टलवर 2बी तयार होतं. पुरवठादारांनी कोणती बिलं दाखवलीत ते त्यात दिसतं. आता 15 तारखेला सकाळी, अकराच्या चहाआधी, माझी यादी आणि 2बी मी जुळवून बघतो. एखाद्याने बिल दाखवलं नसेल तर त्याला फोन करायला पाच दिवस हातात असतात. तुमच्या सीएला हे आवडेल.

आणि जुलै, आषाढीच्या आसपास, नव्या उधारीला मर्यादा. प्रत्येक खात्याला वहीच्या पहिल्या पानावर एक आकडा. 10,000, 15,000, जुन्या माणसांना 25,000. आकडा भरला की आधी थोडे जमा, मग माल. याची किंमत मोजली मी. एक मोठा ठेकेदार महिन्याला 60-70 हजारांचा माल न्यायचा, तो रागावून गेला. अजून आलेला नाही. दादा पंधरा दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. ऑगस्टचा गल्ला बघून मीही दोन रात्री विचार केला, बोलवू का त्याला परत? नाही बोलावला. बरोबर केलं की चूक, हे मला पुढच्या दोन वर्षांत कळेल. आज छाती ठोकून सांगणार नाही.

या पाडव्याचा आकडा

2 नोव्हेंबर 2024. पुन्हा वही, पुन्हा तिघे. पण या वेळी वीस मिनिटं लागली, कारण रोज लिहिलेलं होतं. जुन्या 6,38,400 पैकी 3,71,000 वसूल. 84,000 सोडून दिले, त्यातल्या दोन खात्यांची माणसं आता हयात नाहीत. राहिले 1,83,400. नवी उधारी मर्यादेच्या आत. पाटली मे महिन्यातच सुटली होती. बायकोने ती घालून वहीला हळद-कुंकू वाहिलं आणि वर विचारलं, “पुढच्या वर्षी कोणते नेम?” मी म्हटलं, बारा नको, चारच. तीन महिन्यांना एक. 66 दिवसांचा हिशोब धरला तर महिना कमीच पडतो, हे मला वर्ष घालवून कळलं.

तुम्ही सुरुवात कशाने करायची? मला विचाराल तर व्यायामाने नको, पुस्तकाने नको. ज्या प्रश्नाचं उत्तर देताना तुम्ही ‘असेल’ म्हणता, तिथून करा. कुणाचा तो स्टॉक असेल. कुणाचं मालाच्या किमतीत स्वतःची मजुरी न धरणं असेल. पार्लरवाल्या एका ताईंना गिऱ्हाइकांच्या अपॉइंटमेंटच लिहायची सवय नव्हती. आज रात्री एका कागदावर तो आकडा लिहून काढा. चुकीचा निघाला तरी चालेल, माझा दुपटीने चुकला होता.

परवा मसूरच्या त्या ताई दुकानात आल्या. मसाल्याच्या शेडला पाण्याची लाइन करायची होती. पाइप, फिटिंग, दोन नळ, बिल झालं 3,200. मी म्हटलं, “ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर वर्षभर उशिरा देतोय. 1,83,400, जुनी. नवी वेगळी लिहिलीय.” त्या हसल्या. पाकिटातून 2,000 काढून ठेवले आणि म्हणाल्या, “मग त्यात माझे 1,200 धरा. सोमवारी देते.”

वही काढली. नाव, तारीख, आकडा, सही. सोमवारी अकराचा चहा यायच्या आधीच यूपीआयचा आवाज आला, बाराशे रुपये प्राप्त झाले. त्या दिवशी मला दोनच फोन करावे लागले.